रेघबाईंची वाकडी रेघ

रेघबाईंचा हात आयुष्यात कधी थरथरला नाही, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी हीच त्यांची सगळ्यात मोठी अडचण होऊन बसली.

त्या पाणीखात्यात ट्रेसर होत्या. म्हणजे इंजिनीअर मंडळी पेन्सिलीनं जो नकाशा खरडून देत, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि शाईच्या पेनानं तोच नकाशा देखणा करून उतरवायचा. चालू पाइपाला सलग रेघ, बंद पाइपाला तुटक रेघ, व्हॉल्व्हला दोन इवलेसे त्रिकोण. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. शहरातल्या लोकांना आपल्या घराखालून काय वाहतं याचा पत्ता नव्हता, पण रेघबाईंना गल्लीबोळासकट तोंडपाठ होतं. नव्यानं आलेला इंजिनीअर त्यांच्या रेघेवर पट्टी ठेवून बघायचा आणि गुपचूप पट्टी खिशात घालायचा. कागदोपत्री त्यांचं नाव काही का असेना, शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना रेघबाईच म्हणत.

त्यांचा एक चोरटा उद्योगही होता. ट्रेसिंग पेपरचे कापून उरलेले तुकडे त्या टाकत नसत. त्यावर साहेब लोकांची तोंडं काढत. खात्यात आजवर झालेले सात साहेब, कुणी जांभई देताना, कुणी फाइलमागे लपून बिस्किट खाताना, निबांच्या डबीखाली गठ्ठा करून ठेवलेले. सध्याच्या मोठ्या साहेबांची तर चाळीसएक चित्रं असतील. ही गोष्ट फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होती, आणि तो लिफ्टदुरुस्तीवाला होता. स्वभावानंही लिफ्टसारखाच, बटण दाबल्याशिवाय बोलायचा नाही. त्यामुळे बभ्रा होण्याचा प्रश्नच नव्हता.

तर एका सोमवारी मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, नकाशे आता सगळे कॉम्प्युटरवर गेले. ट्रेसिंगची खोली बंद करायचं ठरलंय. तुम्हाला तक्रारखिडकीत बसवावं म्हणतो."

तक्रारखिडकी तळमजल्यावर होती. काचेला अर्धचंद्राच्या आकाराचं भोक, आणि त्या भोकातून दिवसभर शहराचा आवाज आत येई. पाणी आलं नाही, गढूळ आलं, पहाटे आलं, आलं आणि गेलं. तिथं बसणाऱ्या कारकुनाला एका कानानं ऐकू येत नसे, आणि त्याच्या नेमणुकीमागे तेच कारण असावं असं खात्यात बोललं जाई. रेघबाई ज्या खोलीत अठ्ठावीस वर्षं बसल्या, तिथला सगळ्यात मोठा आवाज निबेचा होता. कुणी आवाज चढवला की त्यांच्या घशाला कोरड पडायची, मग ते ओरडणं शेजाऱ्याच्या कुत्र्यावर का असेना.

साहेबांचं बोलणं चालूच होतं. खातं दर महिन्याला घरोघरी एक पत्रक पाठवतं, पाण्याच्या वेळा आणि चार सूचना. कुणी वाचत नाही. लोक त्याची घडी करून डुगडुगत्या टेबलाखाली सारतात. त्यावर एखादं व्यंगचित्र असतं तर निदान उलगडून बघितलं तरी असतं, पण बाहेरचा चित्रकार आणायला मंजुरी मिळत नाही.

"मी काढते," रेघबाई म्हणाल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

"कॉम्प्युटरवर लागेल बरं का. छपाईवाले कागद घेत नाहीत आता."

"येतं मला," रेघबाई म्हणाल्या. त्यांना त्या वेळी कॉम्प्युटर पुसता येत होता, एवढंच.

साहेबांनी तीन महिने दिले. पत्रकावर छापण्याजोगं चित्र झालं, तर टेबल राहील आणि दारावर चित्रशाखा अशी पाटी लागेल. नाही झालं, तर तळमजला.

डिजिटल व्यंगचित्रकलेचा वर्ग दर रविवारी सकाळी एका गादीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरत असे. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची. रात्रंदिवस चित्रं काढून तिचं उजवं मनगट दुखावलं होतं, त्याला पट्टा बांधलेला. म्हणून ती डाव्या हातानं शिकवायची आणि तरीही सगळ्या वर्गापेक्षा बरं काढायची. रेघबाई तिला मॅडम म्हणत, ती यांना काकू म्हणे. शेजारच्या खुर्चीवर एक दातांचे डॉक्टर बसत. ते कुणाचंही चित्र काढत, पण तोंड मात्र प्रत्येकाचं उघडंच ठेवत, आणि आतली अक्कलदाढसुद्धा सोडत नसत.

नवऱ्याला कंपनीनं लिफ्टचे आराखडे बघायला एक टॅबलेट दिला होता. रेघबाईंनी वर्गाची हकिगत सांगितली, तेव्हा त्यानं काही न बोलता तो टॅबलेट आणि त्याची पेन्सिल त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

पहिल्या रविवारी रेघबाईंना कळलं की काचेवर चित्र काढलं की हात काळा होत नाही. त्यांना इतकं हसू आलं की डॉक्टरांनी वळून बघितलं. मग कळलं की रंग वाळायची वाट बघायला लागत नाही. मग कळलं की चित्र दोन बोटांनी ताणलं की माणसाचं नाक बशीएवढं होतं, आणि त्या नाकावरचा तीळ सावकाश, मन लावून काढता येतो. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, दोन बोटांनी काचेवर टिचकी मारली की शेवटची रेघ झालीच नव्हती असं होऊन जातं. अठ्ठावीस वर्षं चुकीला घाबरून श्वास रोखून बसलेली बाई ती. त्या दिवशी त्यांनी घरी जाताना चुकून एका अनोळखी बाईच्या पायावर पाय दिला आणि आधी हवेत दोन बोटं आपटली, मग माफी मागितली. पुढे तर सवयच लागली. चहा सांडला की दोन बोटं. नणंदेला फोनवर नको ते बोलून गेल्या की दोन बोटं. एकदा नवराच घसा खाकरून म्हणाला, "सकाळी मी भाजी खारट म्हणालो ना," आणि त्यानं टेबलावर दोन बोटांची टिचकी मारली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. दुसऱ्या रविवारी तो दिसला. ट्रेसिंग पेपरवर शाई चुकली तर पुसत नाहीत, ब्लेडच्या कोपऱ्यानं हळूच खरवडून काढतात. रेघबाई एका पोलिसाचं नाक काढण्यात इतक्या बुडाल्या होत्या की नाक चुकताच त्यांचा हात आपसूक पर्सकडे गेला, ब्लेड निघालं, आणि सफाईनं काचेवर फिरलं. तो आवाज ऐकून सगळा वर्ग थिजला. डॉक्टरांनी तर गाल धरला.

नाक जागच्या जागी होतं. काचेवर मात्र पाव इंचाचा ओरखडा उमटला होता, आणि त्यावर दोन बोटांनी कितीही टिचक्या मारल्या तरी तो जाईना. त्या कानकोंड्या होऊन घरी आल्या. नवऱ्यानं टॅबलेट उजेडात तिरका धरून बघितला.

"चालेल. आराखड्यात सहाव्या मजल्यावर येतोय. तिथं खरोखरच एक तडा आहे."

खरी पंचाईत वेगळीच होती. रेघबाईंची माणसं हलत नव्हती. मॅडमनी एक चित्र समोर धरलं. चित्रात एक माणूस तोंड उघडून उभा, आणि बोलण्याच्या फुग्यात लिहिलेलं, 'पाणी कुठाय?' मॅडमनी फुग्यावर तळहात ठेवला.

"आता सांगा काकू, काय ऐकू येतंय?"

रेघबाईंनी कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "काही नाही."

"हा ओरडतोय असं तुम्ही लिहिलंय. काढलेलं नाही. फुगा झाकला तरी ऐकू यायला हवं. आणि रागावू नका, पण हा माणूस पाइप आहे. वर थोडा रुंद, मध्ये सरळ, खाली जोड. तुमची रेघ फार शहाणी आहे हो. तिला जरा वेड लावा."

आता शहाण्या रेघेला वेड कसं लावायचं? रेघबाईंनी डाव्या हातानं काढून पाहिलं. आठवड्याभरात डाव्या हाताची रेघही सरळ झाली. एका पायावर उभं राहून काढलं. पाय दुखला, रेघ हलली नाही. शेवटी रडकुंडीला येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तर तो शनिवारी दुपारी त्यांना आपल्या कामावर घेऊन गेला. नऊ मजली इमारत, आणि लिफ्ट चाचणीसाठी त्याच्या ताब्यात. त्यानं आत एक स्टूल ठेवलं, बायकोला बसवलं, आणि स्वतः बटणांपाशी उभा राहिला.

"झटका देऊ?"

"द्या."

तिसऱ्या मजल्याच्या थोडी वर लिफ्ट हिसका खाऊन थांबली. रेघबाईंनी ओढलेली भुवई सरळ कपाळावर चढली, आणि चित्रातला माणूस एकदम दचकला. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"परत द्या."

मग काय विचारता. वर, खाली, हिसका, भुवई. वर, खाली, हिसका, हनुवटी. पाचव्या मजल्यावर एक आजोबा छत्री घेऊन आत आले. त्यांना वाटलं लिफ्टमध्ये स्टूल ठेवायची नवी सोय झाली आहे. त्यांची छत्री हिसक्यासरशी उघडली आणि तीही चित्रात गेली. दोन तास नवराबायको त्या डब्यात हसत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण एवढं दोघं मिळून कधी हसल्याचं रेघबाईंना आठवत नव्हतं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. नवरा लाजला आणि त्यानं आणखी एक झटका दिला.

तिसरा महिना उजाडला, तेव्हा पत्रकाचं चित्र तयार होतं. एक गृहस्थ नळ उघडा ठेवून फोनवर गप्पा मारतोय. पाण्यात आधी चपला वाहून जातात, मग खुर्ची, मग खुर्चीवर बसलेला तोच. रिकाम्या बादल्यांची रांग त्याला रस्त्यानं वाहत जाताना बघतेय आणि तो फोनवर विचारतोय, 'तुमच्याकडे पाणी आहे का हो?' रेघ अशी सुटली होती की पाणी खळखळत होतं आणि गृहस्थाची हनुवटी फोनवर डुलत होती.

आता टॅबलेटवर चित्र थराथरानं काढतात. एका थरावर माणूस, एकावर पाणी, एकावर रंग, म्हणजे नंतर हवं ते वेगळं बदलता येतं. पण ट्रेसरच्या हाडीमासी एकच नियम भिनलेला असतो: कच्चं काम चार कागदांवर, पक्कं काम एका कागदावर. रेघबाईंनी समाधानानं सगळे थर एकत्र करून टाकले, चित्र छपाईकडे पाठवलं आणि आपल्याकडची कच्ची प्रत, जुन्या शिरस्त्याप्रमाणे, नष्ट केली.

सोमवारी छपाईचा नमुना घेऊन शिपाई आला. त्यानं तो टेबलावर ठेवला, एकदा नीट बघितला आणि चहाचा ट्रे तिथेच टाकून बाहेर पळाला. जिन्यातून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. रेघबाईंनी नमुना उचलला. कपाळावर सरकवलेला चष्मा. दुहेरी हनुवटी. डाव्या कानाशी ती वळलेली बट. वाहून चाललेले गृहस्थ दुसरेतिसरे कुणी नसून मोठे साहेब होते.

त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, शपथेवर सांगायला तयार होत्या. पण हाताला अठ्ठावीस वर्षांत तोंडंच किती माहीत? हात मोकळा सुटला आणि ओळखीच्या घरी गेला. तीन वाजता साहेबांची सही, चार वाजता छपाई. त्यांनी मॅडमना फोन लावला.

"तो माणूस तेवढा दुसऱ्या थरावर घ्या ना काकू."

"थर एक केले."

"आणि मूळ प्रत?"

"पक्कं झाल्यावर कच्चं कोण ठेवतं?" रेघबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टेबलावर दोन बोटं आपटली. काही झालं नाही.

नवं चित्र काढायला दोन दिवस लागले असते. शेवटी त्यांनी छपाईवाल्यांकडून चित्र टॅबलेटवर परत मागवलं आणि थरथरत्या मनानं आणि स्थिर हातानं त्या गृहस्थाला भरघोस मिशी लावली. त्यामुळे तो मिशी लावलेले मोठे साहेब दिसू लागला. तीन वाजता त्या केबिनमध्ये शिरल्या, तेव्हा मागे अर्धं खातं हातात उगीच फाइली घेऊन दाराशी जमलं होतं.

साहेब चित्राकडे बघत राहिले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. रेघबाईंना तळमजल्यावरचं ते अर्धचंद्राचं भोक डोळ्यांसमोर दिसत होतं.

"बाई, तुम्ही यांना कुठे पाहिलंत?"

"कुणाला, साहेब?"

"आमच्या दादाला." साहेबांचं पोट हलायला लागलं. "अहो, हा आमचा दादा आहे. अशीच मिशी. असाच नळ सोडून फोनवर बसतो. जन्म गेला सांगण्यात, पालथ्या घड्यावर पाणी." ते इतके हसले की चष्मा फाइलीवर पडला. त्यांनी सही ठोकली आणि दादाला पाठवायला तीन प्रती बाजूला काढून ठेवल्या. दारातल्या मंडळींनी फाइली तोंडावर धरल्या. केबिनच्या कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ, साहेब मघाशी फोन घ्यायला उठले तेव्हापासून, वाहत होता. रेघबाईंनी जाता जाता तो बंद केला.

पत्रक गाजलं. लोकांनी ते फ्रिजवर चिकटवलं. खात्यात फोन आले, आणि पहिल्यांदाच ते तक्रारीचे नव्हते. दारावर चित्रशाखा अशी पाटी लागली. आता गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढचा महिना कुणाला चुकलाय?

दुसरं चित्र साहेबांनी बराच वेळ बघितलं. "छान आहे. हा कोण?"

"कुणीच नाही, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

रविवारी मॅडमनी फुग्यावर हात ठेवला. चित्र गप्प. रेघ वाकडी होती, डुलत होती, पण माणूस कुणीच नव्हता. रेघबाईंनी घरी बसून हिशेब केला. सात साहेब, पैकी सहा निवृत्त. बाकी शहर त्यांनी वरून पाहिलेलं, नकाशात. लाखो माणसांच्या घराखालचे पाइप पाठ, आणि घरातलं एक तोंड ओळखीचं नाही. हे जाणवलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

"ओरडणारी माणसं हवीत मला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कुठून आणू?"

नवरा जेवता जेवता थांबला. "झटका देऊ?"

"द्या."

"खिडकीत बस."

एवढं बोलून तो पुन्हा जेवू लागला. काखेत कळसा नि गावाला वळसा, याचा अर्थ रेघबाईंना शाळेत पाठ होता, समजला त्या दिवशी.

मोठ्या साहेबांना वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. "अहो, जी खिडकी टाळायला एवढा आटापिटा केलात, तीच मागताय?"

"रोज सकाळी दोन तास. टेबल माझं वरचं तसंच ठेवा."

पहिल्या सकाळी त्या खिडकीत बसल्या तेव्हा टॅबलेट तक्रारवहीच्या आड ठेवलेला होता. दार उघडताच एक बाई आली. हातात रिकामी बादली, पुरावा म्हणून आणलेली. तिनं बादली कट्ट्यावर आदळली आणि अर्धचंद्राच्या भोकात तोंड घातलं. तीन दिवस पाणी नाही. तुम्ही लोक झोपता का? पोरांना काय कोरडं धुऊ? आवाज काचेतून, लाकडातून, रेघबाईंच्या बरगड्यांतून आरपार जात होता. त्यांनी पेन्सिल उचलली आणि बघतात तो काय, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात थरथरत होता.

लिफ्ट नाही, हिसका नाही. त्यांनी थरथरत्या हातालाच काढू दिलं. गळ्याच्या ताणलेल्या शिरा, उडालेले केस, सुटलेली एक केसपिन, बादलीच्या कडेवर आवळलेली बोटं. फुगा काढायला जागाच उरली नाही.

बाई श्वास घ्यायला थांबली. भोकातून तिची नजर आत गेली, टॅबलेटवर. ती वाकली. आणखी वाकली.

"ही कोण हो?" तिनं विचारलं. "बाई गं, केवढ्यानं ओरडतेय."

रेघबाईंनी टॅबलेट तिच्याकडे थोडा वळवला.

"कानठळ्या बसतात नुसत्या," बाई म्हणाली आणि तिनं सुटलेली केसपिन चाचपून नीट लावली. "कसं सहन करता तुम्ही?"

"सवय करतेय. गल्ली कुठली तुमची?"

बाईनं गल्ली सांगितली. तिथला पाइप रेघबाईंनी स्वतः उतरवला होता. तीन इंची, वळणावर व्हॉल्व्ह. तो कुणीतरी अर्धा फिरवून ठेवला असणार. त्यांनी वहीत तसं लिहिलं, फिटरला आत्ताच पाठवते म्हणाल्या आणि घर क्रमांक विचारला.

बाईनं आधी मागच्या रांगेकडे बघितलं. मग भोकाजवळ तोंड नेऊन, चित्रातल्या बाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, तिनं तो सांगितला.